पाठीवरचे आजोबा

मित्रांनो, मी एक जुनी सॅक आहे. जुनी म्हणजे वापरून वापरून झिजलेली, असं समजू नका. माझ्या आयुष्याचा बराच काळ खिळ्यावर लटकण्यात गेला. नुसतं लटकूनही म्हातारपण येतं, हे मला त्या खिळ्यानं शिकवलं. माझी कहाणी फार थोर नाही. पण सॅकला तोंड असतं आणि चेनही असते, त्यामुळे कधी उघडायचं ते तिला कळतं.

माझा जन्म शहागंजातल्या एका कारखान्यात झाला. कारखाना म्हणजे एक खोली, तिच्यात शिलाईच्या मशिनी आणि बंद पडलेला पंखा. निळं कापड, दोन मोठे कप्पे, पुढं एक छोटा कप्पा, बाजूला बाटलीसाठी जाळी. माझ्याबरोबरच्या सॅकांच्या पोटावर कुठं उडणारा वीर आला, कुठं परी आली, कुठं लाल मोटार आली. माझ्या आणि माझ्या बहिणींच्या पोटावर अनंतराव लासूरकर आले.

अनंतराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. ते वारले त्याला वर्ष होत आलं होतं, आणि त्यांच्या नावानं काहीतरी करावं असं त्यांच्या पत्नीच्या, पद्मजाबाईंच्या मनात होतं. पुण्याहून आलेला त्यांचा मुलगा मिहिर म्हणाला, "बागेत एक बाक देऊ." पण बागेतल्या बाकांवर आधीच इतके कैलासवासी बसले होते, की जिवंत माणसाला टेकायला जागा नव्हती. मग कुणीतरी सुचवलं, मुलांना सॅका द्या.

छपाईवाल्याचं नाव कचरू. तो म्हणाला, "नुसतं नाव नका टाकू साहेब. नाव कोण वाचतं? फोटो टाका. चेहरा ध्यानात ऱ्हातो."

म्हणून माझ्या पोटावर अनंतरावांचा चष्म्यातला, न हसणारा फोटो आला आणि खाली ओळ आली: 'कै. अनंतराव लासूरकर यांच्या स्मरणार्थ सप्रेम भेट'. पद्मजाबाईंनी मला हातात घेतलं आणि बराच वेळ पाहिलं.

"कपाळ जरा कापलंय," त्या म्हणाल्या.

"तिथं चेन येती ताई," कचरू म्हणाला. "चेनीला काय करता?"

चेनीला कुणीच काही करू शकत नव्हतं. मला उघडलं की अनंतरावांचं डोकंही थोडं उघडायचं. विद्येची वस्तू म्हटल्यावर ते शोभूनही दिसायचं.

प्रत्येक सॅकमध्ये हातानं केलेलं एक कार्ड ठेवायचं ठरलं. मिहिरची मुलगी मृण्मयी आणि तिच्या मैत्रिणी फरशीवर रंगीत पेनं पसरून बसल्या. बहुतेक कार्डांवर फुगे होते आणि आत 'खूप शिक, खूप मोठा हो' असं लिहिलेलं होतं. माझं कार्ड करायची वेळ आली तेव्हा मृण्मयीचे फुगे संपले होते आणि तिला कंटाळा आला होता.

"आजी, आता काय लिहू?"

"आजोबांबद्दल लिही," पद्मजाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

मृण्मयीनं लिहिलं: 'माझे आजोबा चष्मा कपाळावर ठेवून घरभर चष्मा शोधायचे. कलिंगडाच्या बिया मोजायचे. रिक्षात बसले की रिक्षावाल्याला त्याच्या मुलांचे मार्क विचारायचे. मी पडले की मला उचलायचे नाहीत, म्हणायचे, बघ गं, जमीन फुटली का?' ते कार्ड माझ्या पुढच्या कप्प्यात आलं.

वाटपाचा कार्यक्रम सिडकोतल्या एका हॉलमध्ये झाला. सॅका ज्या मुलांसाठी होत्या, त्यांना काही ना काही कारणानं स्वतःच्या घरी राहता येत नव्हतं. अशा मुलाला काही काळ दुसऱ्या घरी ठेवतात. सरकारी भाषेत त्या घराला प्रतिपालक कुटुंब म्हणतात. मुलं त्याला काहीच म्हणत नाहीत. तिथं जेवतात, अभ्यास करतात आणि बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला की मान वर करतात.

मी सायलीच्या वाट्याला आले. सहावीतली मुलगी. वडील नव्हते. आई लासूर स्टेशनला मामाकडं दीर्घ आजारात पडलेली, ती बरी होईपर्यंत सायली मुकुंदवाडीत मनकर्णाबाई आणि त्यांचे यजमान बन्सीभाऊ यांच्याकडं राहणार होती. फोटोवाला तिला म्हणाला, "बाळ, चेहरा नीट दिसू दे. तुझा नाही गं, सॅकवरचा."

सायलीनं मला वर उचललं आणि स्वतःचा चेहरा माझ्यामागं लपवला. त्या फोटोत फक्त अनंतराव आले आहेत. फोटो छान आला, असं सगळे म्हणाले.

घरी आल्यावर तिनं मला खिळ्याला अडकवलं आणि माझं तोंड भिंतीकडं केलं. मला फार लागलं. मी नवीन होते, बाटलीची जाळीसुद्धा ताणलेली नव्हती. कारण मला नंतर कळलं. आधीच्या शाळेत सायलीच्या प्रत्येक वस्तूवर कुणाचं ना कुणाचं नाव असायचं. बाटलीवर एक कैलासवासी, डब्यावर दुसरे, रेनकोटवर एक गंगाभागीरथी. मुलांनी तिचं नावच 'सप्रेम भेट' ठेवलं होतं. "काय गं सप्रेम भेट, आज कोण वारलं?" असं रोज दारातच विचारायचे. मुकुंदवाडीच्या शाळेत हे कुणाला माहीत नव्हतं. मावशीकडं राहते, एवढंच तिनं सांगितलं होतं, आणि तेवढंच राहावं असं तिला वाटत होतं.

म्हणून ती वह्या साडीच्या दुकानाच्या पिशवीत घालून न्यायची. पिशवीवरही दुकानाचं नाव होतंच, पण दुकानदार जिवंत होता.

मी आणि अनंतराव भिंतीचा रंग बघत राहिलो. त्यांना निदान चष्मा होता. सकाळी शाळेची घाई माझ्या पाठीमागून जायची, संध्याकाळी पाठीमागून परत यायची. पलीकडच्या घरातली सॅक रोज धपकन जमिनीवर पडायची, शिव्या खायची, चिखलात लोळायची. तिचा मला हेवा वाटायचा. मला कुणी आपटतसुद्धा नव्हतं.

मग शाळेतला आजी-आजोबा दिवस जवळ आला. प्रत्येकानं आजी किंवा आजोबांना घेऊन यायचं, ज्यांचे नसतील त्यांनी त्यांच्याबद्दल चार वाक्यं बोलायची.

मनकर्णाबाई पापड लाटत होत्या. हा त्यांचा घरगुती धंदा. म्हणाल्या, "त्यात काय एवढं? मीच येते आजी व्हून. काठी घेते, जरा वाकून चालते."

"तू मावशी हायेस हे सगळ्यांना ठाऊक हाय."

"मंग बोल चार वाक्यं."

"कुणाबद्दल?"

मनकर्णाबाईंचं लाटणं थांबलं. सायलीचे दोन्हीकडचे आजोबा ती जन्मायच्या आधीच गेलेले. त्यांच्याबद्दल तिला एकही वाक्य माहीत नव्हतं. एखाद्याकडं माणूस नसतो हे समजतं. पण माणसाबद्दलचं वाक्यसुद्धा नसावं, हे मनकर्णाबाईंना लाटण्यानं दाबून टाकता येईना.

त्या संध्याकाळी सायलीनं मला खिळ्यावरून काढलं. पुढची चेन उघडली, कार्ड वाचलं. पुन्हा वाचलं. मग मला वळवून अनंतरावांकडं पाहत राहिली. त्यांनीही पाहिलं. त्यांना दुसरं काही येतच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आजी-आजोबा दिवस होता, आणि मी पहिल्यांदा शाळेत गेले. दारातच इंद्रजीत नावाचा मुलगा आडवा आला. हा वर्गाचा चौकशी विभाग होता.

"ए सायली, हे कोण?"

"माझे आजोबा."

"लासूरकर? तुझं आडनाव तर दुसरंच हाय."

"आईचे वडील हायेत. तुझ्या आईच्या वडलांचं आडनाव तू लावतो का?"

इंद्रजीतनं विचार केला. लावत नव्हता. "पण सॅकवर कसे काय?"

"वारले ना. वारल्यावर टाकतेत."

हे कारण आमच्या शहरात कुणालाही पटतं. उलट इंद्रजीत जरा खट्टू झाला. "आमच्या आजोबांचं नुसतं नाव टाकलंय," तो म्हणाला, "ते बी पाण्याच्या टाकीवर. फोटो नाय."

सायलीनं चार वाक्यं सांगितली. कपाळावरचा चष्मा, कलिंगडाच्या बिया, रिक्षावाल्याच्या मुलांचे मार्क, न फुटलेली जमीन. वर्ग हसला. तिच्यावर नाही, तिच्याबरोबर. हा फरक तिला किती दिवसांनी भेटत होता, ते माझ्या पट्ट्याला तिच्या खांद्यावरून कळलं.

मित्रांनो, मग माझे कामाचे दिवस सुरू झाले. मी आपटले गेले, बाकाखाली ढकलले गेले, माझ्यात एकदा अख्खी शाई सांडली. मला फार बरं वाटलं. मधल्या सुट्टीत मुली म्हणायच्या, "सायली, आजोबांची गोष्ट सांग ना." कार्डातली वाक्यं पुरेनात, तेव्हा तिनं पदरची घातली. अनंतरावांनी चोर पकडला आणि पोलीस येईपर्यंत त्याच्याकडून पाढे म्हणवून घेतले. अनंतराव देवगाव रंगारीच्या बाजारात हरवले आणि तरीही रस्ता दुसऱ्यांनाच सांगत बसले. अनंतराव रोज संध्याकाळी आजीसाठी मोगऱ्याचा गजरा आणायचे. फोटोतल्या माणसाकडं बघून यातलं काहीच शक्य वाटत नव्हतं. पण मेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोललं की कुणी पुरावा मागत नाही.

घरी मात्र ती हे कुणाला सांगायची नाही. शाळा सुटल्यावर कधीकधी ती मुकुंदवाडी स्टेशनच्या बाकावर बसायची. मला शेजारी ठेवायची, अनंतरावांचं तोंड रुळांकडं करून. लासूरच्या बाजूला जाणारी पॅसेंजर आली की हळूच म्हणायची, "आजोबा, गाडी आली." गाडी निघून जायची. आम्ही तिघं बसून राहायचो. त्यातल्या एकालाच गाडीत बसता आलं असतं, आणि तिला तेव्हा परवानगी नव्हती.

पुढच्या वर्षी सायली सातवीत गेली आणि एका संध्याकाळी, बरीच मुलं घरी गेल्यावर, शाळेच्या फाटकावर एक मोठा फलक लागला. 'गरजू विद्यार्थ्यांना वह्यावाटप'. वर अनंतराव. तेच, तसेच, फक्त कपाळ पूर्ण. पद्मजाबाई यंदा आमच्याच शाळेत येणार होत्या.

दुसऱ्या दिवशी, वाटपाच्या सकाळी, सायली उठेना.

"काय गं, शाळा नाय का?" मनकर्णाबाईंनी विचारलं.

"पोट दुखतंय."

"कुठं?"

सायलीनं उजवीकडं हात ठेवला. जरा वेळानं विचारलं तर डावीकडं ठेवला.

"अगं, एका जागी तरी दुखू दे," मनकर्णाबाई म्हणाल्या आणि जवळ बसल्या. मग सायलीनं सगळं सांगितलं. मनकर्णाबाईंनी पिठाचा हात कपाळाला लावला.

"म्हंजी तू आजोबा उसना आणला व्हय? लोक साखर आणतेत गं!"

सायलीला हसू आलं आणि त्यामागोमाग रडू आलं. "आता सगळ्यांना कळंल. परत सप्रेम भेट म्हणतील."

"म्हणतील. पण आज गेली नायस तर उद्या बी पोट दुखंल, परवा बी दुखंल. मी येते संगं. बोलायची काहीच नाय. नुसती मागं उभी ऱ्हाते."

सायलीनं मला पाठीवर घेतलं नाही. उराशी धरलं, फोटो आत करून. अनंतरावांचा चष्मा तिच्या शाळेच्या गणवेशावर दाबला गेला. तिचं काळीज इतक्या जोरात उडत होतं, की माझ्यातला कंपासही वाजत होता.

सभागृहात व्यासपीठामागं तोच फलक पाहताच वर्गात कुजबुज सुरू झाली. मनकर्णाबाई दाराशी, चपलांच्या ढिगाजवळ उभ्या होत्या. व्यासपीठावर पद्मजाबाई, शेजारी मोबाइल बघणारा मिहिर. आणि इंद्रजीत उठला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. खरं तर त्याला कधी नव्हे इतका आनंद झाला होता.

"सर! सर! ह्या सायलीच्या आजी हायेत!"

"अरे वा!" वर्गशिक्षक अभय सर म्हणाले. "सायली, सांगितलं नाहीस कधी! ये, ये वर."

तिला वर जावं लागलं. मिहिरनं मोबाइलमधून डोकं काढलं. "आई, ही कोण? आपल्यात तर कुणी..."

पद्मजाबाई सायलीकडं पाहत होत्या. सायलीनं खाली मान घातली. मग, मित्रांनो, तिनं मला हळूहळू वळवलं आणि अनंतरावांचा चेहरा पद्मजाबाईंसमोर धरला. तोवर तो बराच विटला होता. एका गालावर शाई होती.

"मला ही मिळाली होती," ती इतक्या हळू म्हणाली, की फक्त मी आणि पद्मजाबाईंनीच ऐकलं. "आत कार्ड पण होतं."

खाली मुलांना धीर नव्हता. एकजण ओरडला, "आजी, ते चष्मा कपाळावर ठेवून शोधायचे ना?"

पद्मजाबाईंनी वळून पाहिलं. "हो," त्या म्हणाल्या.

"अन कलिंगडाच्या बिया मोजायचे?"

"ताटात रांग लावून मोजायचे."

"अन रिक्षावाल्याला मार्क विचारायचे?"

"मार्क कमी निघाले, तर रिक्षा थांबवून रिक्षावाल्याचीच शिकवणी सुरू व्हायची. मी घरी ताट वाढून बसलेली."

सभागृह हसलं. पहिल्या रांगेतली एक लहानशी मुलगी उभी राहिली. "आणि ते तुमच्यासाठी रोज गजरा आणायचे ना?"

पद्मजाबाईंनी सायलीकडं पाहिलं. सायलीची बोटं माझ्या पट्ट्यात रुतली. मिहिरला हसू आवरेना. "बाबा? आणि गजरा?"

"तू गप्प बस मिहिर," पद्मजाबाई म्हणाल्या. "तुला काय माहीत? तू पुण्याला होतास." मग त्या मुलीकडं वळल्या. "आणायचे हो. मोगऱ्याचा."

अभय सरांनी विचारलं, "म्हणजे सायली तुमच्या मुलीची...?"

"तिनं सांगितलंय ना तुम्हाला? मग झालं तर. वह्या वाटायच्या ना?"

वह्या वाटल्या गेल्या. सायलीला मिळालेली वही तिनं उघडूनही पाहिली नाही.

कार्यक्रम संपल्यावर पद्मजाबाई तिला हाताला धरून पायऱ्यांपाशी घेऊन गेल्या. मनकर्णाबाई लांबच थांबल्या, हातात सायलीच्या चपला घेऊन.

"गजरा कार्डात नव्हता," पद्मजाबाई म्हणाल्या.

"नव्हता. चुकलं आजी. मी उगाच..."

"एकदासुद्धा आणला नाही गं त्या माणसानं. फुलं झाडावरच बरी, म्हणायचे." त्या पायरीवर बसल्या. "असू दे. आता सगळ्या शाळेला माहीत झालंय, म्हणजे आणलाच म्हणायचा."

फाटकाबाहेर मिहिर गाडीचा हॉर्न वाजवत होता. पद्मजाबाईंनी तिकडं पाहिलंही नाही. त्यांच्या घरात अनंतरावांचं नाव आता फक्त कागदपत्रांत निघायचं, पेन्शनच्या आणि बँकेच्या. त्या सायलीला म्हणाल्या, "आणि आणखी काय काय करायचे ते?"

सायलीनं त्यांच्याकडं पाहिलं, खात्री करून घेतली आणि मला मांडीवर ठेवून शेजारी बसली. "एकदा त्यांनी चोर पकडला होता," ती म्हणाली.

"हो का?" पद्मजाबाई म्हणाल्या. "मला बोलले नाहीत."

पुढं त्या अधूनमधून मुकुंदवाडीला येत राहिल्या. वह्या आणायच्या नाहीत, खाऊ आणायच्या नाहीत. पापड लाटायला बसायच्या आणि ऐकायच्या. त्यांचे पापड वाकडे व्हायचे. मनकर्णाबाई ते वेगळे ठेवायच्या आणि घरी तळायच्या.

मित्रांनो, दुसऱ्या घरी ठेवलेलं मूल एक दिवस परत जातं. तसंच ठरलेलं असतं, आणि ते चांगलंच असतं. सायलीची आई बरी झाली. मामा न्यायला आले. माझी चेन त्याआधीच तुटली होती. कुणीतरी घाईत ओढली, मेणबत्तीचा तुकडा घासायला कुणाला सुचलं नाही. सायलीनं मला घेतलं होतं, पण मामा म्हणाले, "फाटकी कशाला? लासूरला नवी घेऊ." तिनं माझ्या पोटावरून हात फिरवला आणि मला परत खिळ्याला अडकवलं. या वेळी तोंड खोलीकडं केलं. मग पद्मजाबाईंच्या गुडघ्यांनी रिक्षाची पायरी चढायला नकार दिला, आणि त्यांचंही येणं थांबलं.

आता माझ्यात लसूण असतो. अनंतरावांचा चेहरा जवळजवळ उडून गेला आहे, चष्मा तेवढा राहिलाय. संध्याकाळी बन्सीभाऊ कंपनीतून यायच्या आधी मनकर्णाबाई लसूण काढायला येतात. माझ्यात हात घालण्याआधी डोक्यावर पदर घेतात, सासऱ्यासमोर घ्यावा तसा. मग त्या उरलेल्या चष्म्याला विचारतात, "काय हो, पोरगी जेवली असंल का?"

त्या लसूण सोलत उभ्या राहतात. दोन माणसांच्या भाजीला लागतो त्यापेक्षा जास्तच सोलतात.

तेव्हा मित्रांनो, एका जुन्या सॅकचं एवढं ऐका. अडकलेली चेन घाईत ओढू नका. नवी सॅक आली म्हणून जुनीला भिंतीकडं वळवू नका. वह्या द्या, कंपास द्या, जरूर द्या. आणि कार्ड कराल तेव्हा 'खूप मोठा हो' असं लिहू नका. तो तसाही होणारच आहे. त्याऐवजी तुमच्या आजोबांची एखादी खोड लिहा. तुमच्याकडं त्या पुष्कळ पडलेल्या असतात, आणि कुणाच्या तरी घरात एक आजोबा कमी असतात.